नगररचनेचे विद्यार्थी आणि पर्यावरणाचे भान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगररचना शिकणारे किंवा शिकू इच्छिणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि हा विषय शिकवणारे अध्यापक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत, कारण आपल्या पदवीधरांपैकी बहुतेकांना काम करायचे असते ते इथल्याच शहरांत आणि इथल्याच कायद्यांखाली.

पर्यावरण हा विषय सर्वच पदव्यांना अनिवार्य आहे. मग नगररचनेच्या बाबतीत त्याची वेगळी चर्चा कशासाठी?

विषय अनिवार्य आहे, हे खरे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले, २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीबद्दल पुन्हा बजावले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम तयार केला. परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, नैसर्गिक संसाधने यांची त्यात ओळख करून दिली जाते. वाणिज्य किंवा भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुजाण नागरिक म्हणून तेवढी ओळख पुरेशी ठरू शकते.

नगररचनाकाराचे तसे नाही. कोणत्या जमिनीवर वस्ती होईल, कोणती मोकळी राहील, रस्ता ओढ्याच्या कोणत्या बाजूने जाईल आणि कचरा कोणत्या गावाच्या शिवारात जाऊन पडेल, हे तो कागदावर ठरवतो आणि ते कित्येक वर्षे तसेच राहते. त्यामुळे त्याला पर्यावरणाची माहिती असून भागत नाही. ती माहिती निर्णय घेताना हाताशी असावी लागते. आज ती हाताशी नसते याचे कारण वेळापत्रकात आहे. पर्यावरण एका पेपरात शिकवले जाते आणि आराखडा स्टुडिओत, म्हणजे प्रत्यक्ष आराखडे करण्याच्या तासिकांत, तयार होतो. ज्या सत्रात विद्यार्थी जलचक्रावर उत्तम उत्तरपत्रिका लिहितो, त्याच सत्रात तो स्टुडिओत ओढ्याच्या काठापर्यंत निवासी क्षेत्राचा पिवळा रंग भरतो, आणि या दोन गोष्टींतली विसंगती त्याच्या लक्षात आणून देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. पर्यावरणाचे शिक्षण स्टुडिओत आणावे, त्याचे गुण स्टुडिओच्या गुणांत धरावेत, एवढेच या पानाचे म्हणणे आहे. पुढची उत्तरे त्याच दिशेची आहेत.

नगररचनाकाराच्या हातात खरोखर एवढे काही असते का? निर्णय तर राजकीय पातळीवर होतात.

अंतिम मंजुरी शासन देते, हे मान्य. पण मंजुरीसाठी जो नकाशा समोर येतो, तो नगररचनाकारांनी केलेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावे याची यादी आहे. निसर्गसौंदर्य असलेल्या प्रदेशांचे जतन, पूरनियंत्रण आणि नदीप्रदूषणाला आळा घालण्याचे प्रस्ताव त्या यादीत आहेत. त्याच यादीत सखल, दलदलीच्या किंवा आरोग्यास अपायकारक जमिनी भरून घेणे आणि सपाट करणे हेही आहे. १९६६ च्या काळात दलदल म्हणजे डासांचे घर, एवढाच विचार होता. आज आपल्याला ठाऊक आहे की तीच दलदल पुराचे पाणी काही तास धरून ठेवते. कायद्याने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या आहेत, आणि एखाद्या विशिष्ट पाणथळ जागेबाबत कोणती वाट धरायची हे सुचवण्याचे काम नगररचनाकाराचे आहे. पदवीच्या वर्गात हे कलम वाचून घ्यावे आणि विद्यार्थ्यांना त्यावर वाद घालू द्यावा.

शिवाय राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचना आणि नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण हे दोन्ही विषय नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामांत ठेवले आहेत. ही कामे एकाच महापालिकेची असताना प्रत्यक्षात दोन वेगळ्या खात्यांकडे, दोन वेगळ्या मजल्यांवर असतात. शिक्षणातली फट पुढे कार्यालयांतही दिसते ती अशी.

हे शिक्षण कोठे मिळते आणि प्रवेश कसा होतो?

चार वर्षांची नियोजनाची पदवी आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असे दोन टप्पे आहेत. महाराष्ट्रात पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. राज्याबाहेर दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ आणि खरगपूरची आयआयटी. राष्ट्रीय संस्थांतील पदवी प्रवेशासाठी जेईई मेनमध्ये नियोजनाचा स्वतंत्र पेपर असतो आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी गेट परीक्षेतील वास्तुकला व नियोजन हा पेपर. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून संस्थेचे माहितीपत्रक पाहावे.

पर्यावरण नियोजन ही वेगळी पदव्युत्तर शाखा घेतलेली बरी नाही का?

आवड असेल तर जरूर घ्यावी. दिल्ली आणि भोपाळ येथे ही शाखा आहे आणि अशा तज्ज्ञांची गरजही आहे. मात्र तज्ज्ञ वेगळे घडवले म्हणजे बाकीच्यांची सुटका झाली, असे होऊ नये. वाहतूक नियोजन किंवा गृहनिर्माण घेतलेला विद्यार्थीही उद्या नदीकाठचा रस्ता आखणार आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी वसाहत सुचवणार आहे.

पहिल्या वर्षी सुरुवात कशाने करावी?

एका ओढ्याने. याचे थोडे सविस्तर उत्तर देणे आवश्यक आहे, कारण पर्यावरण म्हटले की जागतिक तापमानवाढीपासून सुरुवात करण्याची पद्धत पडली आहे आणि त्यातून विद्यार्थ्याला विषय मोठा, दूरचा आणि आपल्या आवाक्याबाहेरचा वाटू लागतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, घ्यावी. या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर आणि समोच्च रेषांमधले, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर २० मीटर. महाराष्ट्रात १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामास मनाई आहे. २० मीटर उंचीला १:५ उतार म्हणजे १०० मीटर आडवे अंतर, म्हणजेच नकाशावर २ मिलिमीटर. जेथे दोन समोच्च रेषांमधले अंतर २ मिलिमीटरपेक्षा कमी दिसेल, तेथे बांधकाम होऊ शकत नाही, हे विद्यार्थ्याला साध्या फूटपट्टीने कळते. नियम पाठ करण्यापेक्षा ही मोजणी एकदा केली तर तो जन्मभर लक्षात राहतो.

आता ओढा पाहावा. ५ मीटर रुंदीचा ओढा या प्रमाणात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका येईल, म्हणून तो केवळ एका बारीक निळ्या रेषेने दाखवलेला असतो. पुष्कळदा लहान ओहोळ दाखवलेलेच नसतात. मग त्याच भागाचा महसूल खात्याचा गाव नकाशा मिळवावा. त्यात गट क्रमांकांच्या मधून जाणारा ओढा स्पष्ट दिसतो, कारण जमिनीची मोजणी करणाऱ्यांना शेताची हद्द कोठे संपते हे ओढ्यावरूनच ठरवावे लागत असे. त्यानंतर उपग्रहचित्र लावावे, आणि अखेरीस मंजूर विकास आराखडा. चारही कागद एकावर एक ठेवले की ओढा कोठे वळवला गेला, कोठे पाइपात घातला गेला आणि कोठे नकाशातूनच नाहीसा झाला, ते दिसू लागते.

यानंतर चालायला जावे. आपल्याकडे स्टुडिओची क्षेत्रभेट साधारणतः दिवाळीनंतर ठेवली जाते. हवा चांगली असते, चिखल नसतो, म्हणून सर्वांनाच ती सोयीची वाटते. नेमका त्याच काळात ओढा आटत चाललेला असतो आणि विद्यार्थ्याला तो सांडपाण्याचा एक निरुपयोगी चर वाटतो. भेट जुलै-ऑगस्टमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा ठेवावी. पावसाळ्यात पुलाच्या कमानीवर पाणी कोठपर्यंत चढते, काठच्या भिंतींवर गाळाची रेघ किती उंचीवर आहे, मोरीच्या तोंडाशी काय अडकले आहे, या नोंदी टेपने मोजून कराव्यात. काठावर राहणाऱ्यांना विचारावे. कोणत्या वर्षी पाणी घरात शिरले आणि ते कोणत्या पायरीपर्यंत आले, हे त्यांना अचूक आठवत असते.

पूररेषा आखलेल्या असताना विद्यार्थ्याने पुराचा एवढा अभ्यास का करावा?

निळी रेषा आणि लाल रेषा जलसंपदा विभाग आखून देतो. ढोबळमानाने सांगायचे तर २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते, तर दोन रेषांच्या दरम्यान ते अटींसह होऊ शकते. विद्यार्थी या रेषा आराखड्यावर उतरवून घेतो आणि पुराचा विषय संपला असे समजतो.

येथे तीन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. एक, '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त राहावे असा नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. दुसरी, रेषा आखताना जी पर्जन्यमाने आणि जे नदीपात्र गृहीत धरलेले असते, ते बदलत असते. पात्रात भराव पडला, पूल बांधला, वरच्या अंगाला वस्ती वाढली की तेवढ्याच पावसाला पाणी अधिक चढते. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी की या रेषा प्रामुख्याने मोठ्या नद्यांच्या असतात. शहरातील लहान ओढ्यांना बहुधा पूररेषाच नसते.

पुण्याचा आंबिल ओढा हे याचे जवळचे उदाहरण आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून कात्रजच्या तलावांतून तो शहरात उतरतो आणि पुढे मुठेला मिळतो. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवण्यात आला. त्यापूर्वी तो आजच्या मध्यवर्ती पेठांमधून वाहत असे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात झालेल्या पावसाने या ओढ्याला असा पूर आला की काठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, अरण्येश्वर परिसरातील वस्तीत पाणी घुसले आणि अनेकांचे प्राण गेले. पुण्याला पुराची आठवण म्हणजे १२ जुलै १९६१ चा पानशेत फुटल्याचा दिवस. तो पूर धरणाचा होता, नदीचा होता. २०१९ ने दाखवले की जेथे कोणी पुराची अपेक्षाही करत नव्हते अशा एका ओढ्यानेही शहर हादरू शकते. ओढ्याच्या पाणलोट क्षेत्राचा, म्हणजे ज्या जमिनीवरचे पाणी त्या ओढ्यात येते तिचा, नकाशा करता येणे हे माझ्या मते नगररचनेच्या पदवीधराचे किमान कौशल्य आहे, आणि ते येत नसेल तर त्याला पदवी देण्याची घाई करू नये.

गणित किती लागते? वास्तुकलेतून किंवा भूगोलातून आलेल्या विद्यार्थ्यांना भीती वाटते.

गुणाकार यायला हवा. त्यापुढचे जलशास्त्र अभियंत्यांकडून घेता येते, पण परिमाणाचा अंदाज स्वतःचा असावा लागतो. एक उदाहरण पाहू. १ हेक्टर जमिनीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या जमिनीवर ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी पडते. ती जमीन शेताची असेल आणि सुमारे ३० टक्के पाणी वाहून जाते असे धरले, तर १५० घनमीटर पाणी ओढ्यात येईल. त्याच जमिनीवर इमारती, फरसबंदी आणि डांबरी रस्ते झाले आणि ९० टक्के पाणी वाहू लागले, तर ४५० घनमीटर येईल. वाढलेले ३०० घनमीटर म्हणजे १० हजार लिटरचे ३० टँकर, आणि तेही दर हेक्टरी, एका तासात. माती आणि उतार यांनुसार टक्केवारी बदलते, पण हिशेबाची रीत हीच. १०० हेक्टर ग्रीन झोन (शेती व मोकळ्या जमिनीचा हरित पट्टा) निवासी करण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेब नकाशाशेजारी लिहावा, अशी अट स्टुडिओत घालता येते.

सांडपाण्याचेही तसेच. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी हे प्रचलित प्रमाण धरले, तर १ लाख लोकसंख्येच्या वाढीव भागातून रोज १ कोटी ८ लाख लिटर सांडपाणी बाहेर पडेल. ते कोठे जाणार, शुद्धीकरण केंद्राची जागा कोठे राखली आणि ती उताराच्या खालच्या अंगाला आहे की वरच्या, हे प्रश्न लोकसंख्येचा आकडा लिहिताक्षणीच उभे राहायला हवेत.

मुंबईचा २६ जुलै २००५ चा महापूर वर्गात कसा शिकवावा?

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर. हे दोन आकडे शेजारी लिहूनच सुरुवात करावी. एका शहरासाठी पावसाचा एकच सरासरी आकडा वापरून नियोजन करणे किती धोक्याचे आहे, हे त्यातून लगेच पटते.

पाऊस असाधारण होता, म्हणून काहीच करता आले नसते, असा निष्कर्ष विद्यार्थी पटकन काढतात. तेव्हा मिठी नदीचा नकाशा समोर ठेवावा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत येणाऱ्या या नदीला काठचे कारखाने, वस्त्या, भराव आणि विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार यांनी ठिकठिकाणी आवळले होते. वांद्रे-कुर्ला संकुल ज्या जमिनीवर उभे आहे ती पूर्वी नदीमुखाची पाणथळ, खारफुटीची जमीन होती, आणि ते संकुल रीतसर नियोजन करून उभारलेले आहे. विद्यार्थ्यांना हे सांगणे जड जाते, पण सांगितलेच पाहिजे : त्या भागातला सगळा भराव बेकायदा नव्हता. काही भराव आपल्याच व्यवसायातील लोकांनी, मंजूर आराखड्यानुसार केला होता.

याला जोडून पर्जन्यजल वाहिन्यांची गोष्ट येते. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या. ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस करणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्येच तयार होता. महापूर आला तेव्हा अहवालाला बारा वर्षे झाली होती. ज्ञान उपलब्ध होते, ते आराखड्यात आणि अर्थसंकल्पात उतरले नव्हते. याच्याच शेजारी नवी मुंबईचे उदाहरण ठेवावे. भरतीची पातळी लक्षात घेऊन सिडकोने (हे शहर वसवणाऱ्या शासकीय महामंडळाने) तेथे धारण तलाव केले, ज्यांत भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठते आणि ओहोटीला बाहेर सोडता येते. त्यातील अनेक तलावांत पुढे गाळ साचला आणि खारफुटी वाढली. आता गाळ काढायचा तर खारफुटीला हात लावावा लागतो आणि तिला कायद्याचे संरक्षण आहे. चांगल्या योजनेलाही देखभाल लागते, आणि दोन पर्यावरणीय मूल्ये परस्परांविरुद्ध उभी राहू शकतात, हे शिकवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कोणते कायदे शिकवणे अत्यावश्यक आहे?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६, जल प्रदूषणाचा १९७४ चा आणि वायू प्रदूषणाचा १९८१ चा कायदा, १९९१ पासून सुरू झालेल्या आणि वेळोवेळी बदललेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना, पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना आणि महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठीचा झाडांच्या जतनाचा १९७५ चा अधिनियम. यादी पाठ होते. तिच्यातील एक उणीव मात्र आवर्जून दाखवावी. २० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. पण अशा शेकडो प्रकल्पांना वाट करून देणाऱ्या संपूर्ण विकास आराखड्याच्या एकत्रित परिणामाचे मूल्यांकन करण्याचे बंधन आपल्याकडे नाही. एकेक इमारत तपासली जाते, शहर तपासले जात नाही. स्टुडिओत विद्यार्थ्यांनी आपल्या आराखड्याचे असे मूल्यांकन स्वतः करून जोडावे.

टेकड्या आणि हरित पट्टे वाचवण्यासाठी आरक्षण टाकले की पुरते का?

पुरत नाही. आरक्षण म्हणजे आराखड्यात एखादी जमीन सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणे. १९९७ मध्ये पुण्यात समाविष्ट झालेल्या गावांतील साडेनऊशे हेक्टरांहून अधिक टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले. नागरिकांनी त्यासाठी दीर्घ लढा दिला आणि २०१५ मध्ये शासनाने ते कायम केले. पण यातील पुष्कळ जमीन खासगी मालकीची आहे, आणि मालकाला मोबदला कशातून द्यायचा हा प्रश्न उरतोच. १९६६ च्या अधिनियमाचे कलम १२७ येथे समजून घ्यावे : आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. उद्यानांची कित्येक आरक्षणे अशी गळून पडतात. म्हणून जमिनीचे अर्थशास्त्र, हस्तांतरणीय विकास हक्क (जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे बांधकामाचे हक्क) आणि नगररचना परियोजना (मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते व मोकळ्या जागा काढून पुन्हा वाटणे) हे विषय पर्यावरणाच्या अभ्यासाचाच भाग मानावेत. हिरवा रंग भरणाऱ्या विद्यार्थ्याला जूरीत, म्हणजे आराखडा तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, पहिला प्रश्न हाच विचारावा की ही जमीन महापालिकेच्या ताब्यात कशी येणार आणि तिचे पैसे कोण देणार.

'पडीक' म्हणून नोंद असलेली जमीन विकासासाठी घेण्यात गैर काय?

नोंद आणि जमीन यांत फरक असू शकतो. सासवडपासून पूर्वेकडे पसरलेली माळराने महसुली दृष्टीने पडीक किंवा पोटखराब (लागवडीस अयोग्य) असतील, पण तेथे लांडगे, चिंकारा आणि माळावर घरटी करणारे पक्षी आहेत, आणि धनगरांच्या मेंढ्यांची चराई तेथेच होते. झाडे नसलेली जमीन म्हणजे उजाड जमीन, हा समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. त्यामुळे पर्यावरणप्रेमी विद्यार्थीसुद्धा माळरानावर वृक्षारोपण सुचवतो आणि गवताळ परिसंस्थेचे नुकसान करून बसतो. मुंबईतील मिठागरे आणि कोकणातील कातळसडे (जांभ्या खडकाची उघडी पठारे) यांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. सध्याच्या जमीनवापराचा नकाशा करताना 'रिकामी जमीन' असा वर्ग ठेवू नये. तिचा उपयोग कोणाला आणि कोणत्या ऋतूत होतो, ते लिहावे.

पर्यावरणाच्या नावाखाली गरिबांच्या वस्त्या हटवल्या जातात. विद्यार्थ्यांना याबाबत काय सांगावे?

वस्तुस्थिती सांगावी. नाल्याकाठी झोपडी बांधणारे कुटुंब तेथे राहते ते शहराने त्याच्यासाठी परवडणारी जागा ठेवली नाही म्हणून, आणि पूर आला की पहिला तडाखा त्यालाच बसतो. त्याला हलवणे कधी कधी त्याच्याच जिवासाठी आवश्यक असते. पण ज्या ओढ्याचे काठ मोकळे करायचे, त्याच ओढ्यावर वरच्या अंगाला मोठ्या गृहसंकुलाची संरक्षक भिंत असेल आणि तिला कोणी हात लावत नसेल, तर त्या कारवाईला पर्यावरणसंरक्षण म्हणता येणार नाही. स्टुडिओतील अटी दोन्हीकडे सारख्या असाव्यात. पुनर्वसन सुचवले तर ते रोजगारापासून किती अंतरावर आहे, मुलांची शाळा कोणती, हे त्याच आराखड्यात दाखवावे. कोळीवाडे, गावठाणे आणि आदिवासी पाडे यांच्याशी बोलल्याशिवाय त्यांच्या भोवतीच्या जमिनीचा रंग ठरवू नये.

ही सर्व पाश्चात्त्य संकल्पना नाही का?

नगररचनेचे विचारवंत पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश होते, पण त्यांनी हा विचार भारतातील शहरे पायी हिंडून पक्का केला. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग निदान आणि मग उपचार, हा त्यांचा आग्रह होता. जुने तलाव बुजवण्याऐवजी स्वच्छ करून राखावेत असे त्यांनी मांडले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हे विचार मुंबईत, विद्यापीठातच शिकवले जात होते. मधल्या काळात आपण ते बाजूला ठेवले. शिवाय पेशवेकालीन कात्रज तलाव आणि तेथून शहरात पाणी आणणारी नळयोजना पाहिली की उतार आणि पाणी ओळखणारे नियोजन आपल्याकडे होते हे दिसते. त्याचा अभिमान बाळगण्यापेक्षा त्याची मोजमापे घ्यावीत, विद्यार्थ्यांना त्यातून अधिक मिळेल.

जीआयएस सॉफ्टवेअर आल्यावर हाताने नकाशे करण्याची गरज उरली आहे का?

उतार, माती, पाणी अशा माहितीचे थर एकावर एक ठेवून जमिनीची योग्यता ठरवण्याची पद्धत नियोजनकार इयान मॅकहार्ग यांनी पारदर्शक कागदांवर लोकप्रिय केली. जीआयएस, म्हणजे संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणाली, तेच काम वेगाने करते आणि ते शिकलेच पाहिजे. मात्र कोणत्या थराला किती महत्त्व द्यायचे हे संगणक सांगत नाही. उताराला २० टक्के आणि रस्त्याच्या जवळिकीला ४० टक्के भार दिला की टेकडीसुद्धा 'योग्य' ठरते. विद्यार्थ्याने भार का दिला ते लेखी द्यावे.

मूल्यमापन कसे करावे?

आपल्याकडची जूरी सादरीकरणाला भुलते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. सुबक रंगवलेला, झाडांच्या हिरव्या ठिपक्यांनी भरलेला नकाशा भिंतीवर लागला की त्यामागील पाण्याचा हिशेब कोणी विचारत नाही. जूरीत एक तरी जलशास्त्र, भूशास्त्र किंवा परिसंस्था जाणणारी व्यक्ती असावी, आणि तिचे गुण केवळ शेऱ्यापुरते न राहता अंतिम गुणांत धरले जावेत. ज्या आराखड्यात ओढे व उतार दाखवलेले नाहीत, तो तपासायलाच घेऊ नये.

नोकरीत गेल्यावर हे सारे टिकते का?

टिकवणे अवघड असते. रुजू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे बहुतेकांची झोन दाखले, बांधकाम परवानग्या आणि आराखड्यातील फेरबदलांच्या फायलींत जातात. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली येणारा प्रत्येक फेरबदल लहान दिसतो. दहा वर्षांचे फेरबदल एकत्र नकाशावर मांडले की काय गमावले ते कळते. हा अभ्यास विद्यार्थिदशेतच करून घ्यावा, म्हणजे फाइलवर टिपणी लिहिताना ओढ्याचा उल्लेख करण्याची सवय राहते. निर्णय वरिष्ठ फिरवू शकतात, पण टिपणी अभिलेखात राहते, माहितीच्या अधिकारात बाहेर येते आणि न्यायालयात वाचली जाते.

निधी आणि प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयाने काय करावे?

महाविद्यालयापासून चालत जाता येईल असा एक ओढा निवडावा आणि दरवर्षी प्रत्येक तुकडीने त्याच ठरावीक ठिकाणी पात्राची रुंदी, गाळाची पातळी, पावसाळ्यातील पाण्याची उंची आणि काठचे नवे बांधकाम यांची नोंद करून ती पुढच्या तुकडीकडे सोपवावी. महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत सर्वसाधारण सभेपुढे पर्यावरण सद्यस्थिती अहवाल ठेवावा लागतो. तो मागवून आपल्या नोंदींशी ताडून पाहावा. परिसरातील विहिरींची पाणीपातळी मोजायला वजन बांधलेली टेप पुरते. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचनांसाठी मिळणारी मुदत जेमतेम काही आठवड्यांची असते आणि त्या अवधीत नव्याने मोजमापे घेणे कोणालाच शक्य नसते. तोपर्यंत ज्यांच्याकडे पाच-सात पावसाळ्यांच्या नोंदी जमलेल्या असतील, त्या विद्यार्थ्यांना नकाशा आणि आकडे जोडून हरकत दाखल करता येईल, आणि सुनावणीलाही त्यांनीच जावे.